खदान उघडण्याआधी वरच्या मातीचे काय करायचे?

खदानमालक आणि क्रशरचालकांसाठी माहितीपत्रक, ठाणे जिल्हा

खदानीचा सगळा हिशेब खालच्या काळ्या दगडाचा. वरची वीतभर माती जेसीबी पहिल्याच दिवशी मुरमासकट कडेला लोटतो. पुढे झाडे लावायची वेळ आली की तशीच माती बाहेरून ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) भावाने आणावी लागते. पर्यावरण मंजुरीच्या अटींत ही माती वेगळी रचून लागवडीला वापरा, असे सहसा लिहिलेलेच असते.

आधी खोली मोजा

शहापूर-मुरबाडकडच्या उतारांवर माती एकसारखी नसते. उघड्या कातळाजवळ ५ सेंमी, तर तीस पावलांवर घळीत ४० सेंमी. ‘सरसकट एक फूट काढ’ असे ऑपरेटरला सांगितले की एकीकडे मुरूम मिसळतो आणि दुसरीकडे चांगली माती खालीच राहते.

आम्ही पाहणीत दर ५० मीटरवर ऑगर (माती काढणारा हाताचा गिरमिट) मारतो. उतार, मातीचा रंग किंवा गवत बदलले तर मध्ये आणखी एक. शिवाय हेक्टरी निदान एक खड्डा मुरूम लागेपर्यंत हाताने खणतो, कारण ऑगर अडला तो कातळाला की नुसत्या धोंड्याला, हे वरून कळत नाही. प्रत्येक जागी खुंटी ठोकून तिच्यावर खोली रंगाने लिहितो. काढणीच्या दिवशी नकाशा कुणी उघडत नाही. खुंटी मात्र दिसते.

भातखाचर असेल तर १५-२० सेंमीवर चिखलणीने दबलेला घट्ट थर लागतो. दिसायला तो वरच्या मातीसारखाच, पण पाणी मुरू देत नाही. तो वेगळा काढा. खाडीकडच्या खाजणाची माती तपासणीत विद्युतवाहकता (क्षारांचे माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर दाखवत असेल, तर लागवडीच्या ढिगात घालूच नका. क्षार सगळ्या ढिगात पसरतात.

हिशेब

एक एकर, सरासरी अर्धा फूट माती: २१,७८० घनफूट, म्हणजे जागेवर सुमारे २१८ ब्रास. खणल्यावर ती साधारण पाव हिश्श्याने फुगते, तेव्हा डंपरच्या फेऱ्या २७० ब्रासच्या धरा. एवढ्या मातीचा २ मीटर उंच ढीग तळाशी १४ बाय ४२ मीटर होतो. जवळपास सहा गुंठे. ही जागा आराखड्यातच राखून ठेवा, नाहीतर वर्षभरात ढीग तीनदा हलतो आणि दर वेळी थोडी माती जाते.

काढणी वाफशावर

चिमूटभर माती तळहातावर वळून पाहा. तीन मिलिमीटरची वात न तुटता झाली तर माती ओली आहे, थांबा. ओली माती चाकाखाली दाबली की तिच्यातली पोकळी मिटते आणि नंतर नांगरूनही पुरती परत येत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे काम नकोच. अगदी वाळून धूळ झालेलीही नको.

झाडे परवानगी घेऊन आधी काढा. बारीक गवत मातीतच जाऊ द्या. घाणेरी आणि रानमोडी ही तणे मात्र मुळासकट वेचा. पोकलेनला दातांची नको, सपाट धारेची बकेट लावा. मशीन न काढलेल्या मातीवर उभे राहून पट्ट्यापट्ट्याने मागे सरकेल आणि डंपर उघड्या पडलेल्या मुरमावरूनच फिरेल. डंपर मातीवर चढला की निम्मे काम वाया.

ढीग, शक्यतो नकोच

सर्वांत उत्तम ढीग म्हणजे न केलेला ढीग. लीजच्या (खाणपट्ट्याच्या) हद्दीलगत मोकळ्या ठेवायच्या ७.५ मीटर पट्ट्यात लागवड करायची असेल, तर माती थेट तिथेच टाका. रचावीच लागली तर उंची २ मीटरच्या आत, उतार एकास दोन (एक उभा, दोन आडवा). त्याहून उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. गांडुळे, मुळांना जगवणारी बुरशी आणि गवताचे बी मरते. वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर आणि पहिल्या पावसात ताग किंवा धैंचा या हिरवळीच्या पिकाचा पेरा, एवढे हवेच. उघडा ढीग इथल्या एका पावसाळ्यात गटारात जातो. ‘वरची माती’ अशी पाटी लावा, नाहीतर कोणीतरी रस्त्याच्या भरावाला नेतो.

परत पसरताना

आधी खदानीचा दबलेला तळ रिपरने (मशीनमागच्या लोखंडी दाताने) अर्धा मीटर फोडा, मग १५ ते २० सेंमी माती उताराला आडवी पसरा. कातळावर नुसती माती टाकली तर पाणी मध्ये साचते आणि रोप दुसऱ्या उन्हाळ्यात वाळते. हे काम मेअखेरीस संपवा. वरून रोलर फिरवू नका. एकसारखी दिसावी म्हणून फिरवतात, तेवढ्यानेच माती पुन्हा बसते.

आम्ही पाहणीला येण्याआधी सातबारा, लीजचा नकाशा आणि मंजुरीच्या अटींची प्रत तयार ठेवा.