गॅस गिझर: वास आला नाही म्हणजे धोका नाही?

‘गॅस लीक झाला तर वास येतोच की!’ गॅस गिझरबद्दल हे घरोघरी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. एलपीजीला येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, गळती कळावी म्हणून. पण गिझर लावून अंघोळ करताना माणूस बेशुद्ध पडतो, त्यामागे बहुधा गळती नसते. बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, आणि कडी काढायचंही त्राण उरत नाही.

गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेतच बसवा. आत ठेवून खिडकी फटभर उघडणं म्हणजे मनाचं समाधान. अधूनमधून ज्योत बघत जा: निळी असेल तर ठीक. पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली, तर गिझर लगेच बंद करून मेकॅनिकला बोलवा. बर्नरच्या भोकांत धूळ, कधी चक्क कोळ्याचं जाळं निघतं. वर्षातून एकदा ते साफ करून घ्या. नुसते सेल बदलले म्हणजे सर्व्हिसिंग झालं, असं नाही!