नारिंगी केबलचा वारसा: ऑफिसच्या लॅनमध्ये ऑप्टिकल फायबर कसं रुजलं

वीस-पंचवीस वर्षं जुन्या ऑफिसच्या इमारतीत नेटवर्कचा रॅक उघडला, की पॅच पॅनेलच्या मागे बहुतेक वेळा एक नारिंगी केबल सापडते. आवरणावर बारीक अक्षरांत ‘६२.५/१२५’ असं छापलेलं असतं. नवा स्विच, म्हणजे संगणकांना जाळ्यात जोडणारा डबा, बसवायला आलेला माणूस ते वाचतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘ही किती मीटरची आहे?’ हा आकडा तिथे कुठून आला आणि तो दिसताच अंतराची काळजी का लागते, हे उलगडलं की लॅनमधल्या, म्हणजे इमारतीतल्या संगणकांच्या जाळ्यातल्या, फायबरची निम्मी गोष्ट सांगून होते.

मूळ तंत्र टेलिफोनवाल्यांचं. १९६६ साली इंग्लंडमधल्या स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं, की काचेत प्रकाश विरतो तो मुख्यतः तिच्यातल्या अशुद्धीमुळे. घट किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत खाली आणली, म्हणजे एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरला, तरी निरोप धाडायला तो पुरेल. १९७० साली कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी १७ डेसिबलचं फायबर बनवलं. १९७७ पर्यंत अमेरिकेत फायबरवरून खरे टेलिफोन कॉल जाऊ लागले होते. काओ यांना २००९ साली नोबेल मिळालं.

पण टेलिफोनची अडचण लांबीची होती, इमारतीची तशी नव्हती. तीनशे मीटरच्या केबलमध्ये प्रकाश फारसा विरत नाही. इमारतीतली खरी डोकेदुखी म्हणजे स्वस्त साधनाने केसाहून बारीक काचेत प्रकाश शिरवणं आणि वाटेतल्या प्रत्येक जोडावर तो सांभाळणं. लॅनमधल्या फायबरचे जवळपास सगळे बरे-वाईट निर्णय याच दोन गोष्टींभोवती फिरले.

इथरनेट, म्हणजे लॅनमधल्या संगणकांची एकमेकांशी बोलण्याची पद्धत, १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात जन्मलं, तांब्याच्या कोॲक्सियल केबलवर. त्याच केंद्रात काही वर्षांत फायबरवरचा प्रयोगही झाला. ‘फायबरनेट’ नावाच्या या प्रयोगावर एरिक रॉसन आणि इथरनेटचे एक जनक रॉबर्ट मेटकाफ यांचा निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे लॅन आणि फायबर यांची ओळख अगदी सुरुवातीपासूनची, संसार मात्र बराच उशिरा सुरू झाला.

आणि तो सुरू झाला तेव्हा कारण वेगाचं नव्हतंच. १९८७ साली इथरनेटच्या मानकात फायबर पहिल्यांदा आलं ते दोन रिपीटर (क्षीण झालेला संकेत पुन्हा जोमदार करून पुढे पाठवणारी उपकरणं) जोडण्यासाठी, एक किलोमीटरपर्यंत, त्याच जुन्या १० मेगाबिटच्या वेगाने. एका आवारातल्या दोन इमारतींचं अर्थिंग कधीच तंतोतंत सारखं नसतं. त्यांच्यामध्ये तांब्याची केबल टाकली की त्या फरकाने तिच्यातून नको तो प्रवाह वाहतो, आणि जवळपास वीज कोसळली तर दोन्हीकडची उपकरणं जातात. काचेतून वीज वाहत नाही, प्रश्न मिटला. आजही दोन इमारती जोडताना कुणी तांबं सुचवलं तर जाणता माणूस आधी हेच सांगतो.

आता त्या आकड्याकडे येऊ. १२५ मायक्रॉन हा काचेच्या तंतूचा बाहेरचा व्यास, ६२.५ हा आतल्या गाभ्याचा, जिथून प्रकाश जातो. आधीच्या मल्टिमोड, म्हणजे प्रकाशाला अनेक वाटा देणाऱ्या, फायबरचा गाभा ५० मायक्रॉनचा होता. सत्तरच्या दशकात टेलिफोनसाठी तो ठरला, कारण तिथे लेसर वापरायचे होते. लॅनला लेसर परवडण्यासारखे नव्हते, तिथे एलईडी होते. एलईडीचा प्रकाश टॉर्चसारखा पसरतो, बारीक गाभ्यात त्यातला फार थोडा शिरतो. मग गाभा मोठा करा. १९८४ साली आयबीएमने आपल्या केबलिंग पद्धतीत १०० मायक्रॉन गाभ्याचं फायबर घेतलं. बेल लॅब्जकडून ६२.५ आलं, आणि अमेरिकेत तेच चाललं. व्यासाबरोबर प्रकाश स्वीकारण्याचा कोनही मोठा असल्यामुळे ५० च्या तुलनेत त्यात एलईडीचा सुमारे तिप्पट प्रकाश मावत असे. स्वस्त एलईडी, ऐसपैस गाभा, जरा हयगयीने बसवलेला कनेक्टरही चालून जाई. त्या काळाच्या मानाने निर्णय चोख होता, असंच मी म्हणेन.

त्याची किंमत मात्र होती, फक्त ती तेव्हा कुणाला मोजावी लागली नाही. मोठ्या गाभ्यात प्रकाश शेकडो वेगवेगळ्या वाटांनी धावतो. सरळ मधून जाणारा लवकर पोचतो, नागमोडी जाणारा उशिरा, आणि प्रकाशाचा ठसठशीत स्पंद टोकाला पोचेपर्यंत पसरट होतो. यावर उपाय म्हणून गाभ्याच्या काचेचा अपवर्तनांक मध्यभागी सर्वांत जास्त आणि कडेकडे कमी होत जाणारा ठेवतात. कडेने लांबची वाट घेणारा प्रकाश तिथे जास्त वेगाने पळतो आणि बरोबरीने पोचतो. ही युक्ती देखणी आहे, पण गाभा मोठा तितकी ती साधणं अवघड. ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला ५० मायक्रॉनचं साधारण फायबर किलोमीटरभर ५०० मेगाहर्ट्झ इतकी क्षमता देई, त्या काळचं ६२.५ फक्त १६०. दहा मेगाबिटच्या जगात हा फरक दिसण्याचं कारणच नव्हतं.

फायबरला स्वतःचं असं पहिलं लॅन मिळालं ते एफडीडीआय. १०० मेगाबिट, उलट दिशांना फिरणारी दोन वर्तुळं, एक तुटलं तर दुसऱ्यावरून वाट वळवायची, दोन स्टेशनांत दोन किलोमीटर अंतर चालायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला मोठ्या संस्थांच्या बॅकबोनवर, म्हणजे इमारती आणि मजले जोडणाऱ्या मुख्य केबलवर, त्याचंच राज्य होतं, आणि लवकरच ते टेबलावरच्या संगणकापर्यंत पोचेल असं गांभीर्याने बोललं जाई. ते पोचलं नाही. कार्ड महाग होती आणि वर्तुळाचा कारभार गुंतागुंतीचा. १९९० साली साध्या पिळाच्या तारांवर १० मेगाबिटचं इथरनेट आलं होतंच. १९९५ साली त्याच जातीच्या, पण कॅट-५ दर्जाच्या केबलवर १०० मेगाबिट धावू लागलं. गंमत अशी, की या तांब्याच्या १०० मेगाबिटने चार बिटांना पाच बिटांत बसवण्याची कोड-पद्धत एफडीडीआयकडूनच उचलली होती. फायबरचंच हत्यार घेऊन तांब्याने फायबरला टेबलावरून हटवलं.

मधल्या काळात सीमारेषा कागदावरही आली. १९९१ सालच्या अमेरिकन केबलिंग मानकाने, ईआयए/टीआयए-५६८ ने, इमारतीचे दोन भाग केले. मजल्यामजल्यांना जोडणारा उभा बॅकबोन आणि मजल्यावरच्या रॅकपासून टेबलापर्यंतची आडवी केबल, कमाल ९० मीटर. बॅकबोनसाठी मान्य झालेलं फायबर कोणतं, तर ६२.५/१२५. मानकात आलं म्हणजे निविदेत आलं, आणि निविदेत आलं म्हणजे भिंतीत गेलं. स्विच पाच-सात वर्षांनी बदलतो. शाफ्टमधून ओढलेली केबल कुणी सहसा बदलत नाही.

मग १९९८ साली गिगाबिट इथरनेट आलं, आणि बिल हातात पडलं. एलईडी इतक्या वेगाने चालू-बंद होऊच शकत नाही, त्यामुळे लेसर घेणं भाग होतं. सुदैवाने व्हीसीसेल हा पृष्ठभागातून प्रकाश फेकणारा स्वस्त लेसर तोवर तयार झाला होता. जपानच्या केनिची इगा यांनी १९७७ साली त्याची कल्पना मांडली होती. पण एलईडी सगळा गाभा भरून टाकायचा, लेसर बारीक ठिपक्यातून मोजक्याच वाटांवर प्रकाश टाकतो. त्या मोजक्या वाटांवर फायबर खराब असलं तर बाकीच्या चांगल्या वाटांचा काही उपयोग नाही. आणि नेमकं गाभ्याच्या अगदी मध्यभागी, जिथे अपवर्तनांक सर्वांत जास्त हवा, तिथेच बऱ्याच जुन्या फायबरमध्ये बनवतानाच राहून गेलेला खळगा असे. लेसर बरोबर त्यावर पडला की एका स्पंदाचे दोन होत.

लांब पल्ल्याच्या लेसरसाठी काढलेला उपाय हातात घेऊन बघण्यासारखा आहे. मोड कंडिशनिंग पॅच कॉर्ड. बघायला साधी नारिंगी जोडी, फक्त स्विचकडच्या टोकाला पाठवणाऱ्या तंतूचा थोडा भाग पिवळा. तो पिवळा भाग सिंगल मोड, म्हणजे प्रकाशाला एकच वाट देणारा, आणि नारिंगी तंतूला तो मुद्दाम मध्य चुकवून जोडलेला असतो, म्हणजे प्रकाश खळग्याला टाळून बाजूने शिरतो. एरवी फायबरचा जोड मायक्रॉनभर सरकला तर शिव्या खाणारा माणूस इथे जोड सरकवण्याचेच पैसे घेतो! ही कॉर्ड उलटी लावली की काम करत नाही, आणि घाईत ती हटकून उलटी लागते.

८५० नॅनोमीटरच्या स्वस्त गिगाबिटला मात्र जुन्या ६२.५ वर २२० मीटरच मिळाले, ५० मायक्रॉनवर ५५० पर्यंत. २००२ साली १० गिगाबिट आलं तेव्हा त्याच जुन्या फायबरवर मर्यादा उरली २६ मीटर. मजला ते मजला कसंबसं. २००६ साली पसरलेला स्पंद इलेक्ट्रॉनिक्सने सावरणारा एक प्रकार काढून २२० मीटर परत मिळवले गेले, पण ती डागडुजी होती. नवीन कामासाठी उद्योग निमूटपणे ५० मायक्रॉनकडे परतला. फरक इतकाच, की हे ५० लेसरसाठी नव्याने घडवलेलं होतं. फिकट निळसर-हिरव्या आवरणातलं ओएम३ नावाचं हे फायबर १० गिगाबिटला ३०० मीटर देतं, त्यानंतरचं ओएम४ आणखी थोडं जास्त.

या प्रवासात एक गोष्ट हळूहळू आवळत गेली, तिच्याकडे लक्ष कमी जातं. १० मेगाबिटच्या फायबर लिंकला वाटेत १२.५ डेसिबल गमावायची मुभा होती. ओएम३ वरच्या १० गिगाबिटला २.६ डेसिबल. हिशेब करून बघा. मानकानुसार कनेक्टरच्या एका जोडाला ०.७५ डेसिबलपर्यंत चालतात, केबलला किलोमीटरमागे साधारण ३.५. दोन जोड आणि ३०० मीटर केबल धरली की २.५५ झाले, खिसा रिकामा. म्हणून ऐंशीच्या दशकात कनेक्टरच्या तोंडावरची धूळ शर्टाला पुसून भागत असे, आणि आज तोच माणूस प्लगचं टोपण काढल्याबरोबर आधी सूक्ष्मदर्शक लावतो.

टेबलापर्यंत फायबर नेण्याची कल्पना अधूनमधून डोकं वर काढत राहिली. २००३ नंतर तिच्यासमोर वेगळाच अडथळा आला, वीज. त्या वर्षी इथरनेटच्या तारेतूनच १५.४ वॉटपर्यंत वीज देण्याचं मानक आलं. टेबलावरचा फोन, छतावरचा वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट, कॅमेरा, सगळे त्याच केबलवर जगू लागले. तांब्याचा दोष म्हणून जो सांगितला जाई, की त्यातून वीज वाहते, तोच त्याचा तारणहार ठरला. पुढे घरोघरच्या ब्रॉडबँडमधलं पॅसिव्ह ऑप्टिकल तंत्र ऑफिसात आलं, एका सिंगल मोड तंतूचे स्प्लिटरने अनेक फाटे करणारं. मजल्यावरचे स्विच त्याने खरोखर हटवले, तरी टेबलाजवळच्या छोट्या डब्यातून शेवटचे दोन-चार मीटर तांब्याचेच निघतात.

बॅकबोनवर मात्र आता सिंगल मोडचा भाव वाढतो आहे. आठ-नऊ मायक्रॉनच्या त्याच्या गाभ्यात एकच वाट असते, त्यामुळे स्पंद पसरण्याची ती जुनी भानगडच नाही. तंतू स्वतः मल्टिमोडपेक्षा स्वस्त, महाग होते ते त्याचे लेसर, आणि ते आता उतरले आहेत. शाफ्टमध्ये नारिंगी केबलच्या शेजारून बारीक पिवळी केबल ओढली जाते. नारिंगी कुणी काढत नाही. काढायला गेलं तर बाजूच्या चालू केबलला धक्का लागायची भीती, आणि तिच्या एखाद्या जोडीवर फायर अलार्मचं पॅनेल १०० मेगाबिटवर अजून बिनतक्रार चालू असतं.