फोटोमाँटाज : प्रकाश आणि गती

वेगवेगळ्या छायाचित्रांचे तुकडे जोडून किंवा एकाच चौकटीवर अनेक क्षण उमटवून केलेली प्रतिमा म्हणजे फोटोमाँटाज. छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्येच तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून एक चित्र केले होते; हे नाव मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बर्लिनच्या दादावाद्यांनी, म्हणजे रूढ कलेची टर उडवणाऱ्या कलावंतांच्या गटाने, रुजवले. जर्मनमध्ये ‘माँटाज’ म्हणजे यंत्राची जोडणी. हाना होख, राउल हाउसमान, जॉन हार्टफील्ड ही मंडळी छापील चित्रे कात्रीने कापून चिकटवीत आणि स्वतःला कलावंत म्हणवण्यापेक्षा ‘माँटर’ म्हणवणे पसंत करीत. माँटर म्हणजे आपल्या पिंपरी-भोसरीतला फिटर, मराठीत जोडारी. या कलेला याहून नेमका शब्द सापडणे कठीण.

गती टिपण्याची वाट वेगळी. फ्रान्सचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये हालचालीचे एकामागून एक टप्पे छायाचित्राच्या एकाच काचेवर घेतले. इटलीचे छायाचित्रकार ब्रागाल्या यांना असे तुटक टप्पे पटेनात. १९११ पासून त्यांनी टप्प्यांमधला सलग ओघळ पकडायचा प्रयत्न केला.

पुण्यात दोन्ही वाटा अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर एकत्र येतात. शटर १/५०० सेकंदावर असेल तर ढोलावरचे टिपरू हवेत थिजते. चित्र स्वच्छ येते, पण ठेका हरवतो. १/१५ वर तेच टिपरू पंख्यासारखे पसरते, आणि वादक पाय रोवून उभा असेल तर चेहरा ओळखू येतो. काहीतरी स्थिर राहिल्याशिवाय गती दिसत नाही, नुसता गढूळपणा दिसतो. दोन सेकंदांवर माणसे विरघळतात, वाड्यांच्या गॅलऱ्या तेवढ्या उरतात. एवढा वेळ कॅमेरा हलून चालत नाही आणि त्या गर्दीत ट्रायपॉड टिकत नाही, म्हणून ओळखीच्या घराची खिडकी मिळवावी लागते.

एकाच चौकटीवर चार क्षण घ्यायचे तर दर वेळी प्रकाश एकचतुर्थांश द्यावा लागतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). नाहीतर चित्र पांढरे पडते. पार्श्वभूमी अंधारी असेल तर हा नियम सैल होतो, कारण काळोख फिल्मवर काही उमटवत नाही. फ्लॅशचाही क्षण निवडावा लागतो. शटर मिटताना तो उडवला तर ध्वज नाचवणाऱ्यामागे उजेडाची रेघ राहते. उघडताना उडवला तर रेघ त्याच्या पुढे धावते आणि तो मागे सरकल्यासारखा दिसतो.