आकसणाऱ्या भिंतींचा हिशेब

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात भट्टीचा गाभा अंशतः वितळला. त्या दुपारी आत साचलेल्या हायड्रोजनने पेट घेतला आणि कंटेनमेंट इमारतीतला, म्हणजे भट्टीभोवतीच्या किरणोत्सर्ग रोखणाऱ्या बंदिस्त इमारतीतला दाब एका झटक्यात जवळपास दोन बारने (एक बार म्हणजे साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा) वाढला. इमारतीने तो धक्का निमूटपणे पचवला, कारण तिची रचनाच त्याच्या साधारण दुप्पट दाबासाठी केलेली होती. पण त्या युनिटला व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू करून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. चाळीस वर्षांच्या जुन्या इमारतीवर हाच प्रसंग आला तर? आजच्या कित्येक अणुभट्ट्यांच्या बाबतीत हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही.

अणुभट्टीभोवतीचा तो प्रचंड घुमट लांबून पाहिला की वाटतं, मीटरभर जाडीचं काँक्रीट, त्याला काय होणार! पण काँक्रीट दाबाला खंबीर आणि ताणाला अगदी कच्चं. आतून वाफेचा दाब आला की भिंत बाहेर फुगू पाहते, म्हणजे ताणली जाते. म्हणून बऱ्याच कंटेनमेंटच्या भिंतींत आणि घुमटात शेकडो पोलादी केबल घालून त्या जबरदस्त ताणून ठेवतात. केबल मूळ लांबीवर परतायला बघतात आणि काँक्रीटला सतत आवळून धरतात. अपघातात आतला दाब आधी ही आवळ संपवतो, मग काँक्रीटच्या वाट्याला ताण येतो. हवा अडवायचं काम बहुतेक ठिकाणी आतलं सहा मिलिमीटरच्या आसपास जाडीचं पोलादी अस्तर करतं. फ्रान्सच्या १३०० मेगावॅटच्या भट्ट्यांना दोन भिंती आहेत आणि आतल्या भिंतीला असं सलग अस्तर नाही, त्यामुळे तिथे काँक्रीटलाच गळती रोखावी लागते.

ही आवळ मात्र कायमची नसते. काँक्रीटमधलं पाणी वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातं आणि ते आकसतं. शिवाय सतत दाबाखाली असल्यामुळे ते आणखी थोडं थोडं दबत राहतं, याला क्रीप म्हणतात. केबलचं पोलादही आपणहून थोडं सैलावतं. काही दशकांत भिंत मीटरमागे एक मिलिमीटरच्या आसपास आखूड होऊ शकते. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण केबल मुळात ताणलेलीच असते मीटरमागे सहा-सात मिलिमीटर. त्यातला एक गेला म्हणजे जवळपास सातवा हिस्सा ताण गेला. अभियंते हा तोटा सुरुवातीलाच हिशेबात धरतात. देखरेखीचं मुख्य काम एवढंच, की भिंत त्या हिशेबाप्रमाणे आकसते आहे की जास्त वेगाने, हे बघणं.

त्यासाठीचं सगळ्यात भरवशाचं उपकरण आश्चर्य वाटावं इतकं साधं आहे. बांधकामाच्या वेळीच काँक्रीटमध्ये एक नळी पुरतात. तिच्या आत दोन टोकांना पक्की बांधलेली पोलादी तार. काँक्रीट आकसलं की तार सैल होते. बाहेरून विद्युतचुंबकाने तिला छेडायचं आणि ती सेकंदाला किती वेळा थरथरते ते मोजायचं. तंबोऱ्याची तार उतरली की स्वर खाली येतो, तसंच हे. मोजायची असते ती फक्त वारंवारता, त्यामुळे जोडवायरींची लांबी किंवा जुन्या जोडांचा वाढलेला विद्युतरोध यांनी आकडा सहसा बिघडत नाही. दशकानुदशकं टिकण्यामागचं हे मोठं कारण. जोडीला उंच भिंतीलगत ओळंबे सोडलेले असतात आणि तापमानाने फारशी न बदलणाऱ्या इन्व्हार या मिश्रधातूच्या तारा उंचीवर नजर ठेवतात.

केबलचा ताण थेट मोजता येईल का, हे बांधणीच्या पद्धतीवर ठरतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी केबल ग्रीस भरलेल्या नळ्यांमध्ये मोकळ्या असतात. ठरावीक वर्षांनी काही केबल निवडून त्यांच्या टोकाला जॅक लावतात आणि टोकाची पकड बैठकीवरून किंचित उचलली जाईपर्यंत ओढतात. त्या क्षणी जॅकचं बळ म्हणजे केबलमधला ताण. फ्रान्समध्ये बहुतेक केबलभोवती सिमेंटचा गारा भरलेला असतो. त्याने गंज लागत नाही, पण केबल पुन्हा कधी ओढून बघता येत नाही. तिथे मग तारेच्या आकड्यांवरूनच ताणाचा अंदाज बांधावा लागतो.

शेवटी गळतीची चाचणी. पूर्ण इमारत बंद करून आत हवा भरायची आणि किती निसटते ते बघायचं. अमेरिकेत अनेक केंद्रांना दिवसाला फक्त ०.१ टक्के हवेची मुभा असते. इथे खरी कसरत आहे ती तापमानाची: आतली हवा अवघी ०.३ अंश सेल्सिअसने थंड झाली तरी दाब तितकाच, ०.१ टक्का उतरतो. म्हणून इमारतभर तापमापक आणि आर्द्रतामापक लावून तासन्‌तास नोंदी घ्याव्या लागतात, नाहीतर गळती कोणती आणि गारवा कोणता हेच कळायचं नाही.

एवढं सगळं असूनही गेल्या काही दशकांतले काही मोठे दोष या आकड्यांतून उघड झाले नाहीत. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेच्या बीव्हर व्हॅली केंद्रात अस्तरावरच्या रंगाला एक फोड आलेला दिसला. तो खरवडल्यावर खाली गंज निघाला, आणि गंज काढल्यावर अस्तराला आरपार छोटं भोक. मागे काँक्रीटमध्ये बांधकामाच्या वेळी राहून गेलेला लाकडाचा तुकडा होता. काँक्रीट अल्कधर्मी असतं, म्हणून त्याला चिकटलेलं पोलाद सहसा गंजत नाही. लाकडाने ते कवच तोडलं आणि ओल धरून ठेवली. असं भोक गळतीच्या चाचणीत सहज लपू शकतं, कारण गंजाचा बोळा आणि मागचं जाड काँक्रीट दोन्ही हवा अडवतात. ते सापडलं डोळ्यांनी बघणाऱ्या माणसामुळे.

त्याच वर्षी फ्लोरिडातल्या क्रिस्टल रिव्हर अणुवीज केंद्रात नवे वाफजनित्र आत नेण्यासाठी भिंतीला मोठं दार पाडत होते. आत पृष्ठभागाला समांतर, आडव्या केबलच्या रेषेत, भिंत पोटातच दुभंगलेली आढळली. काही केबल सैल करताना बळांचा तोल बिघडला, असा निष्कर्ष पुढे निघाला. हातोडीसारखा ठोका देऊन परत येणाऱ्या ध्वनिलहरी ऐकण्याचं तंत्र वापरून भेगेचा विस्तार शोधला, दुरुस्ती केली, पण मार्च २०११ मध्ये केबल पुन्हा ताणताना भिंतीचा दुसरा भाग दुभंगला. २०१३ मध्ये केंद्र कायमचं बंद करायचा निर्णय झाला. वक्र केबल काँक्रीटचे थर विलग करू शकतात हे आपल्याकडेही घडून गेलं होतं: कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्रात १३ मे १९९४ रोजी, बांधकाम चालू असतानाच, घुमटाचा खालचा थर निखळून कोसळला होता.

माझ्या मते पुरलेल्या उपकरणांची खरी मर्यादा हीच. रचनाकाराने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर ती चोख देतात. जो सुचलाच नाही, त्यावर गप्प राहतात.

निदान अपेक्षित म्हातारपण तरी आधी बघून घ्यावं म्हणून फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीने पॅरिसजवळ दुपदरी कंटेनमेंटची एक तृतीयांश आकाराची प्रतिकृती उभारली आहे, नाव व्हेरकोर्स. सुकायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तिथली भिंत नऊपट वेगाने सुकते. एका वर्षात नऊ वर्षांचं सुकणं बघता येतं. मात्र क्रीपचा जो भाग सुकण्याशी निगडित नाही, तो जाडी कमी केली म्हणून घाई करत नाही. तो गणितानेच जुळवावा लागतो.

अमेरिकेत काही भट्ट्यांना आता ८० वर्षांपर्यंत चालवायचे परवाने मिळाले आहेत. इमारती टिकतील, पण पुरलेल्या तारा एकेक करून मुक्या होत जातात आणि भिंत फोडल्याशिवाय त्या बदलता येत नाहीत. बाहेरून चिकटवलेलं नवं उपकरण काम चांगलं करतं, फक्त त्याचं शून्य लावल्या दिवसापासून सुरू होतं. त्याआधी भिंत किती आकसली, हे जुन्या नोंदवह्यांतूनच काढावं लागतं. म्हणून जुनी तार पूर्ण बंद पडायच्या आत शेजारी नवी बसवून काही वर्षं दोन्हींची नोंद सोबत घेणं हाच शहाणपणाचा मार्ग.