सुट्टीनंतरचे तीन आठवडे

दमलेला माणूस आठ-दहा दिवस सुट्टी घेतो, टवटवीत होऊन परततो आणि महिना उलटायच्या आत पुन्हा पूर्वीसारखाच कोमेजतो. मिना वेस्टमन आणि डॉव्ह ईडन या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७६ कारकुनांची पाहणी होती: सुट्टीआधी दोनदा, सुट्टीत एकदा, परतल्यावर दोनदा. सुट्टीत बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणारी पार गळून गेल्याची अवस्था, उतरला. रुजू होऊन तीन आठवडे झाले तोवर तो पुन्हा जुन्या पातळीवर पोचला होता.

आपल्याकडे शीण आणि उबग असे दोन वेगळे शब्द आहेत, ते इथे कामी येतात. शीण झोपेने जातो. उबग झोपून उठल्यावरही तिथेच असतो. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात शिणाच्या जोडीला आणखी दोन गोष्टी आहेत: समोरच्या माणसांबद्दल येणारा कोरडेपणा आणि ‘आपल्या हातून काही धड होत नाही’ ही भावना. कोरडेपणा बहुतेकदा आधी इतरांच्या लक्षात येतो. रुग्णाचं नाव न घेता ‘तो सात नंबरचा’ म्हणणारी परिचारिका मुळात निष्ठुर असतेच असं नाही. आणखी ताण सोसवेनासा झाल्यावर मन असं अंतर राखू लागतं.

बर्नआउट कामचुकारांना होतो हा समज तर पहिल्या निरीक्षणातच खोटा ठरला होता. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथे जीव ओतून राबणारेच आधी कोलमडताना त्यांनी पाहिले, स्वतःसकट. १९७४ च्या लेखात त्यांनी एक चमत्कारिक खूण नोंदवली: माणूस कामावर अधिकाधिक तास घालवतो आणि त्याच्या हातून काम मात्र कमी कमी होत जातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून. मला हा फरक मोलाचा वाटतो. आजार म्हटलं की औषध माणसाला द्यायचं. इथे बिघाड बऱ्याचदा कामाच्या रचनेत असतो. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाची मोकळीक थोडी, हे जिथे एकत्र येतं तिथे मानसिक ताण सर्वाधिक दिसतो. शिवाय श्रेय न मिळणं, पक्षपात, न पटणारं काम करावं लागणं, हेही आहेच. श्वसनाचे व्यायाम चांगलेच, पण तिघांचं काम एकाच्या गळ्यात असेल तर ते किती पुरणार?

तरी हातात काहीच नसतं असं नाही. संध्याकाळी डोक्यातून काम हटत नाही, कारण अर्धवट राहिलेल्या गोष्टी मनात घोळत राहतात. २०११ च्या काही प्रयोगांत असं दिसलं की अपुरं काम कधी आणि कसं करायचं एवढं नेमकं ठरवलं, तरी ते मध्येमध्ये डोकं वर काढणं कमी होतं. काम पूर्ण व्हावंच लागत नाही. म्हणून निघण्याआधीची पाच मिनिटं उद्याच्या नोंदीला द्यावीत. वरिष्ठांशी बोलताना ‘मी थकलो आहे’ एवढंच सांगण्यापेक्षा हातातल्या कामांची यादी समोर ठेवावी आणि यातलं कोणतं थांबवायचं ते विचारावं.

कामाबाहेरचीही गोडी गेली असेल, आवडत्या माणसांतही मन रमत नसेल, तर मात्र ते नैराश्य असू शकतं. तेव्हा यादी बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठावं.