कॅमेऱ्याआधीचं पान

शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवून काढलेलं रान पाहिलं की कुणीतरी विचारतंच, ‘हा फोटो की चित्र?’ हा वाद जुना आहे. वनस्पतींचे पहिले फोटो तर कॅमेऱ्याशिवायच निघाले.

१८३०च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट चांदीचे क्षार लावलेल्या कागदावर पानं ठेवून ती उन्हात ठेवत असे. झाकलेला भाग पांढरा राही, बाकीचा काळवंडे. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये सायनोटाइप शोधला आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सच्या समुद्रशैवालांच्या ठशांचा पहिला भाग तयार झाला. कागदाला लोहक्षार लावायचे, वर शैवाल ठेवायचं, ऊन दाखवायचं, मग साध्या पाण्यात धुवायचं. ऊन लागलेली जागा गडद निळी होते. ॲटकिन्सचं काम शास्त्राचं, प्रत्येक ठशाला लॅटिन नाव. पण निळ्यात तरंगणारे ते झिरझिरीत तंतू बघताना नावाकडे लक्ष जातंय कुणाचं!

पुढे ‘फोटो म्हणजे यंत्राची करामत’ हा टोमणा पिक्टोरियलिस्ट, म्हणजे फोटो चित्रासारखा दिसावा म्हणून झटणाऱ्या मंडळींना झोंबला. डिंकात रंग कालवून प्रिंट करायची आणि ती ओली असतानाच कुंचल्याने नको तेवढं पुसून टाकायचं, असे उद्योग त्यांनी केले. एडवर्ड स्टायकेनचं १९०४ सालचं चांदण्यातलं तळं याच काळातलं. सुंदर आहे, पण चित्रकारांच्या पंगतीत पाट मिळावा ही धडपडही त्यात दिसते.

उलट बाजूने गेलेले मला जास्त आवडतात. बर्लिनमध्ये कार्ल ब्लॉसफेल्ट विद्यार्थ्यांना नमुने दाखवायला कोंब, देठ, बोंडं तीस पटींपर्यंत मोठी करून टिपायचा. १९२८ साली या फोटोंचं पुस्तक निघालं. नेच्याचा गुंडाळलेला कोंब तिथे घडीव लोखंडाच्या नक्षीसारखा दिसतो. १९३० मध्ये एडवर्ड वेस्टनने ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली आणि तिची वळणं मानवी पाठीसारखी उमटली. दोघांच्याही फोटोंत धूसर काही नाही, सगळं लख्ख. तरीही वस्तू ओळखायला क्षणभर थांबावं लागतं.

सुरुवातीच्या रानासारख्या हलत्या रेषा रुजवल्या त्या छायाचित्रकार अर्न्स्ट हासने, १९५०च्या दशकात. तेव्हाची रंगीत फिल्म मंद, म्हणजे तिला प्रकाश जास्त लागे, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागे. धावत्या बैलांचे रंग फराटल्यासारखे उमटले आणि त्याने तेच धरून ठेवलं. आज तीच युक्ती झाडांवर चालते. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवून कॅमेरा वरून खाली ओढला तर खोडं टिकतात, पालवी वितळते. आडवा ओढला की खोडंही पुसली जातात.