दोन्ही ‘इन्फ्रारेड’च, पण एक तपासणी ऊब बघते आणि दुसरी उजेड

आमवातात बोटांचे सांधे इन्फ्रारेडने तपासतात असं कुणी म्हणालं, तर आधी विचारावं: कुठलं इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे कुठले किरण? या एका नावाखाली दोन तपासण्या येतात आणि त्या सर्रास एकच समजल्या जातात.

पहिली थर्मोग्राफी. आपली त्वचा सतत उष्णतेचे किरण सोडत असते. त्यांतले साधारण 8 ते 14 मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण कॅमेरा टिपतो. शरीरात बाहेरून काहीच सोडलं जात नाही. दाह झालेल्या सांध्याकडे रक्त जास्त वाहतं, वरची कातडी गरम होते आणि पडद्यावर तो भाग उठून दिसतो. पण दिसते ती कातडीच. नुकतेच गार पाण्यात हात घातले असतील तर चित्र फसवं येतं, म्हणून तपासणीआधी रुग्णाला स्थिर तापमानाच्या खोलीत काही वेळ बसवून ठेवतात.

दुसरी तपासणी मला जास्त मोलाची वाटते, कारण ती थेट सांध्याच्या आत पोचते. अंधारात टॉर्चवर बोट ठेवून बघा. बोट लालबुंद उजळतं, पण हाडाची सावली काही दिसत नाही. उजेड आत शिरतो, पण वाटेत इतका विखुरतो की आकार पुसून जातात. साधारण 700 ते 900 नॅनोमीटरचा उजेड, म्हणजे लाल रंगाला लागून असलेलं इन्फ्रारेड, ऊतींमध्ये कमी शोषला जातो, त्यामुळे तो बोटाच्या आरपार जातो. पलीकडे किती उजेड निघाला आणि कसा पसरला, यावरून संगणक आतल्या स्थितीचा अंदाज बांधतो.

निरोगी सांध्यातलं वंगण नितळ असतं. आमवातात त्यात पेशी आणि प्रथिनं वाढून ते गढूळ होतं, सांध्याचं अस्तर जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. या सगळ्याने उजेडाची वाट बदलते. शिवाय प्राणवायू असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन वेगवेगळ्या तरंगलांबीचा उजेड कमीजास्त शोषतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर 660 आणि 940 नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड वापरतो, तो याच तत्त्वावर. म्हणजे सांध्यात रक्त किती आणि त्यात प्राणवायू किती, याचाही माग लागतो.

मर्यादा मात्र मोठी आहे. बोट पातळ म्हणून हे जमतं. गुडघ्यातून पलीकडे निघणारा उजेड नगण्य, आणि खुब्याचं तर नावच नको.

ही पद्धत अजून मुख्यतः संशोधनातच आहे. दवाखान्यात आज भरवसा आहे तो हाताने दाबून केलेल्या तपासणीवर, रक्तातल्या दाहाच्या चाचण्यांवर आणि सोनोग्राफीवर. एक्स-रेत हाडाची झीज दिसते, पण ती होऊन गेल्यावर. उजेडाने किरणोत्सर्गाचा धोका नसतो, त्यामुळे औषध सुरू केल्यावर तोच सांधा पुन्हा पुन्हा बघता येईल, ही खरी आशा. त्यासाठी बोट दर वेळी तसंच ठेवायला हवं. आधी सरळ आणि पुढच्या वेळी जरासं वाकलेलं असेल, तर उजेडाला पार करायची जाडी बदलते आणि आजार जिथल्या तिथे असूनही आकडा हलतो.